पोत्यातलं मडगार्ड

नवी गाडी आली त्या दिवशी बनसोड्यांनी ती चालवली नाही, उघडली.

नळदुर्गला आमच्या दूध संघाच्या कार्यालयापुढं ट्रकमधून ती काळी कुळकुळीत फटफटी उतरवली तेव्हा सगळा स्टाफ बाहेर आला होता. शिपायानं नारळ आणला होता, कुणीतरी हळदकुंकवाची पुडी. अध्यक्षांना पहिली किक मारायची होती. बनसोडे मात्र पान्ह्यांची पिशवी आणि एक रिकामं पोतं घेऊन आले आणि कडुलिंबाखाली फतकल मारून बसले. संध्याकाळपर्यंत त्या कोऱ्या गाडीची चाकं, मडगार्डं, साखळी आणि सायलेन्सर, सगळं जमिनीवर ओळीनं मांडलेलं होतं. अध्यक्ष नारळ हातात धरून दोनदा येऊन बघून गेले.

मी संघाचा भांडारपाल. सुटं सामान माझ्या कुलपात असायचं, आणि स्वभाव कायद्याचा, किंवा खरं सांगायचं तर भित्रा. मी जवळ जाऊन म्हणालो, "बनसोडे, अहो गाडी नवी आहे."

"नवी हाय, पर रस्त्याची हाय," मान वर न करता ते म्हणाले. "आपल्याला बिनरस्त्याची पायजे."

लिंबाजी बनसोडे संघात गाई भरवण्याचं काम करायचे. कागदावर त्याला कृत्रिम रेतन म्हणत, गावात त्यांना इंजेक्शनवाले बनसोडे म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडच्या लोकांनी खडी फोडून दिवस काढले आणि जनावरं मिळेल त्या बाजारात नेऊन सोडली. त्यानंतर गावोगाव दूध संस्था निघाल्या. रान पिकलं नाही तरी गोठ्यात काहीतरी असावं म्हणून लोक संकरित वासरांच्या मागं लागले. चांगल्या वळूच्या बीजाच्या काचेच्या नळ्या सोलापूरहून सकाळच्या एस.टी.नं यायच्या. त्या बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवायच्या आणि जिथं गाय माजावर असेल तिथं वेळेत पोचवायच्या. वेळ म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण दिवस. तो हुकला की पुढचा माज येईपर्यंत गाय नुसती खात उभी. बनसोड्यांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं, "एक माज चुकला की एकवीस दिवसाचा कडबा फुकट." ज्यानं दुष्काळात कडब्याची एक पेंढी मिळवायला चार गावं पालथी घातलीत, त्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

हमरस्त्यावरची गावं सोपी होती. जळकोटकडची मंडळी तर ट्रक ड्रायव्हरबरोबरही निरोप धाडायची. अवघड होती आतली गावं, आणि त्यांत सगळ्यात अवघड वाडी. तिला मोठं नाव होतं, पण आम्ही नुसतं वाडीच म्हणायचो. आधी दगडी उतार, मग ओढा, मग दीड कोस काळं रान. वाडीचे लोक सकाळी दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन हमरस्त्यापर्यंत यायचे. गाय माजावर आली की कॅनच्या कडीला लाल चिंधी बांधलेली असायची. ती चिंधी कार्यालयात पोचली की बनसोडे सायकल काढायचे. पण त्या वाटेनं सायकलवर दोन थर्मास फुटले, आणि न फुटलेला एक बर्फाचं पाणी होऊन पोचला. वाडीत वासरं काही दिसेनात. पाहणीला येणाऱ्या विभागाच्या साहेबांनी शेरा मारला, की वाडीला पोच नाही, तिचं नाव यादीतून कमी करावं. यादीतून नाव गेलं की तिथली दूध संस्था बंद. अध्यक्षांनी गयावया करून एक वर्षाची मुदत मागून घेतली, आणि त्या वर्षासाठी ही गाडी आली होती. वर्षात वाडीच्या गोठ्यांत वासरं दिसली तर वाडी राहील. नाहीतर वाडीही जाईल आणि गाडी हमरस्त्याच्या गावांना जाईल. असा तो मामला होता. म्हणून नारळाकडं बघायला बनसोड्यांना सवड नव्हती. शिवाय ते बौद्ध, छपन्न सालापासूनचे. नारळाबद्दल अध्यक्षांनी फारच लावून धरलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की नारळ फोडून ओढा आटत असला तर दोन फोडा.

पुढचे पंधरा दिवस ते गाडी बांधत होते. बांधणं हा त्यांचाच शब्द. त्यांनी लोहाराकडून बैलगाडीच्या जुन्या चाकाची लोखंडी धाव तोडून आणली, तिच्या पट्ट्या ठोकून घेतल्या, आणि पुढचं मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर वर उचललं. मागं कंपनीच्या टायरऐवजी मोठ्या गोट्यांचं खडबडीत टायर घातलं. सोलापूरच्या एका लेथवाल्याकडून मागच्या चाकाची दातेरी चक्री मोठी करून आणली. त्यानं गाडी पळायची कमी झाली, पण चढावर ओढायला लागली. सायलेन्सर ओढ्याच्या पाण्यात बुडू नये म्हणून वर वळवला. हवेच्या जाळीवर धुळीसाठी घरातल्या जुन्या लुगड्याचा तुकडा तेलात भिजवून बांधला. हँडलला मधून एक आडवी सळई जोडून घेतली. निघालेलं कंपनीचं एकूणएक सामान मात्र ग्रीस लावून त्या पोत्यात गेलं आणि पोतं माझ्या भांडारात आलं.

ते वर्षही कोरडंच होतं. आभाळात ढग नाही, रानाला हात जाईल एवढ्या भेगा, आणि हा माणूस चिखलासाठी मडगार्ड वर करतोय, म्हणून स्टाफ हसायचा. मीही हसलो. बनसोडे म्हणाले, "चिखुल आल्यावर बांधत बसू का?"

त्यांचा अवतार या कामाला अगदी विसंगत होता. शर्ट पांढराशुभ्र, इस्त्रीचा, वरच्या बटणापर्यंत लावलेला, आणि गुडघ्याखाली शेणमाती. कुणी विचारलं तर म्हणायचे, की हे घाणीचं काम आहे असं लोकांना वाटतं, म्हणून कपडे पांढरे पाहिजेत. बोलणं मोजकं. घड्याळ नसायचं, थर्मास कानाजवळ हलवून आतल्या बर्फाच्या आवाजावरून किती वेळ उरलाय ते सांगायचे, आणि ते सहसा चुकत नसत. निघण्याआधी प्रत्येक वेळी मागच्या टायरला अंगठा दाबून बघायचे. रान धरायच्या आधी थोडी हवा सोडायचे. टायरनं दगडावर उडू नये, दगड गिळावा, असं त्यांचं मत होतं.

सगळ्यात जास्त डोकं त्यांनी थर्मासच्या खोक्यावर चालवलं. चहाचं लाकडी खोकं घेतलं, त्यात सरकी भरली, आणि थर्मास सायकलच्या ट्यूबच्या चार पट्ट्यांनी अधांतरी टांगला. पण थर्मासवर प्रयोग करायचा नाही, तो फुटला तर पुन्हा मिळणार कधी. म्हणून ढाब्यावरून कच्चं अंडं आणलं, ते थर्मासच्या जागी टांगलं आणि वाडीला जाऊन आले. अंडं फुटलं. पट्ट्या सैल केल्या, दुसरं अंडं. तेही फुटलं. तिसऱ्या दिवशी ते कार्यालयात शिरले ते तिसरं, शाबूत अंडं तळहातावर घेऊनच. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेवढं हसू पुन्हा क्वचितच पाहिलं. शिपायाच्या स्टोव्हवर त्यांनी ते उकडलं, सोललं, दोऱ्यानं बरोबर मधोमध कापलं आणि अर्धं माझ्यापुढं धरलं.

मी म्हणालो, "नको, आज माझा गुरुवार."

त्या दिवशी बुधवार होता. अंडं मी खायचो; ढाब्यावर त्यांच्याच ओळखीच्या माणसाकडं बसून खायचो. बनसोड्यांनी हात मागं घेतला, "बरं," म्हणाले, आणि दोन्ही अर्धी स्वतः खाल्ली. मला वाटलं, पचलं.

एकदा वाडीच्या संस्थेचे जुने कॅन बघायला मी त्यांच्या मागं बसून गेलो. हँडलला एका बाजूला चागळ लोंबत होती, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, वाऱ्यानं जिच्यात पाणी गार होतं ती. शेवंतामावशींच्या गोठ्यात त्यांनी गाय बघितली. मावशी म्हणजे वाडीतलं मोठं घर, चार बैलांचं, दुष्काळानंतर दोन बैलांचं. काम झालं. गाईच्या अंगात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, पण हात धुवायला त्याच्यासाठी अंगणाच्या कडेला, उंबऱ्यापासून लांब, एक वेगळी बादली ठेवलेली होती. बनसोडे गुमान तिकडं गेले. मला ओसरीवर चहा आला. ते गाडीजवळ उभे राहून चागळीतलं पाणी प्याले.

परतताना मी विचारलं, की तुम्ही कुणाच्या घरी पाणी का मागत नाही. ते म्हणाले, "दुष्काळात कुनाच्या घरचं पानी मागू न्हाई." उत्तर खरं होतं, पण अर्धंच. दुसरं अर्धं त्या बादलीत होतं, आणि थोडं माझ्या गुरुवारात. मला तेव्हा लाज वाटली, पण ती तोंडातून बाहेर पडली नाही.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून सोललेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. त्या वर्षी वाडीत बैल थोडेच उरले होते, आणि कुठूनतरी लोकांच्या मनानं घेतलं, की बनसोड्यांची गाडीही आपल्यासाठी राबते. तोवर वाडीत चार गाई गाभण राहिल्या होत्या. बनसोडे एका गोठ्यात कामात असताना पोरीबाळींनी बाहेर उभ्या गाडीचा खांदा शोधला. त्यांना तो हँडलच्या दोन मुठींत सापडला. घरात होतं नव्हतं तेवढं लोणी आणि हळद दोन्ही मुठींना, क्लचला आणि ब्रेकला भरपूर चोळून ठेवलं. बनसोड्यांनी ते बघितलं, पुसायला चिंधी काढली, आणि सगळी वाडी बघत उभी आहे म्हटल्यावर तशीच खिशात घातली. ओढ्याच्या उतारावर हात सटकले आणि ते गाडीसकट खाली गेले. आम्हाला दिसले ते पांढरा शर्ट हळदीनं पिवळा आणि कोपर रक्तानं लाल, असे. थर्मास शाबूत होता.

मी चिडवलं, "का हो, नारळ चालत नाही आणि खांदमळणी चालते?"

"नारळ देवाचा," ते म्हणाले. "खांदमळनी बैलाची. बैलाला कसला आलाय धर्म?"

पडल्याचं त्यांनी वाडीत कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मुठींना सुतळी घट्ट गुंडाळली, एवढंच. पुढं दर पोळ्याला ते आदल्या दिवशी गाडी घेऊन मुद्दाम वाडीला जायचे आणि येताना, लोण्याच्या मुठी सटकू नयेत म्हणून, चढापर्यंत गाडी ढकलत आणायचे.

साहेबांची पाहणी त्यानंतर दीड महिन्यानं ठरली. आधी एक कागद आला. संघाच्या वाहनांत परस्पर बदल केल्याचं कानावर आलं आहे, वाहन कंपनीनं दिलं त्याच स्थितीत पाहणीस हजर ठेवावं. कुणीतरी चहाडी केली होती. मी जाऊन भांडाराचं कुलूप ओढून बघितलं, कारण पोतं आतच होतं. बनसोड्यांनी कागद दोनदा वाचला, पोतं मागून घेतलं, आणि एका दिवसात गाडी होती तशी करून दिली. बारीक चक्री, गुळगुळीत टायर, चाकाला चिकटून बसलेलं मडगार्ड. आता त्यांनी बांधलेलं सामान पोत्यात गेलं. मला वाटलं होतं, ते भांडतील. ते म्हणाले, "हुकूम हाय न्हवं."

आणि नेमका त्याच आठवड्यात हस्ताचा पाऊस लागला, वर्षभराचं उट्टं काढल्यासारखा. पाहणीच्या सकाळी साहेब कार्यालयात बसले होते, यादी पुढ्यात होती, वाडीच्या नावापुढं पेन्सिलची फुली होती. तेवढ्यात दुधाचे कॅन आले, आणि वाडीच्या कॅनला लाल चिंधी. गाय शेवंतामावशींची होती. दोनदा भरवूनही न राहिलेली. दारातलं शेवटचं दुभतं. बनसोडे उठले तसे साहेब म्हणाले, की थांबा, मीही येतो, वाडी एकदा डोळ्यांनी बघूनच फुली पक्की करतो.

पुढचं मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे. उतार आणि ओढा कसाबसा पार झाला. काळ्या रानात शिरल्यावर शंभर पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल ठासून बसला आणि पुढचं चाक फिरायचं थांबलं. बनसोड्यांनी काडीनं चिखल उकरला. वीस पावलं गाडी चालली, पुन्हा बसली. असं चार वेळा झालं. साहेब उतरले, त्यांचे बूट चिखलानंच काढून घेतले. पाचव्या वेळी बनसोड्यांनी थर्मास कानाशी हलवून पाहिला आणि गाडी बाभळीला टेकवली. चपला हँडलला अडकवल्या, खोकं सोडवून डोक्यावर घेतलं.

"साहेब, गाडी संबाळा," ते म्हणाले. "गाईला दम न्हाय."

साहेब दोन तास बाभळीखाली अनवाणी उभे होते.

बनसोडे दीड कोस रान तुडवत वाडीला पोचले तेव्हा त्यांची मांडीपर्यंत माती झाली होती. बर्फ संपला होता, पण पाणी अजून गार होतं. काम झालं. ते सवयीनं अंगणाच्या कडेला बादलीकडं निघाले, तर बादली नव्हती. शेवंतामावशी ऊन पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या हातानं बनसोड्यांच्या हातांवर पाणी घातलं, कोपरापर्यंत. मावशी काही बोलल्या का, हे मी विचारलं. बनसोडे म्हणाले, न्हाई. मग थर्मास पुसता पुसता, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हातारीनं हातावर पानी वतलं." 

गाडी शेवटी वाडीच्या बैलांनी ओढून काढली. संध्याकाळी साहेब कार्यालयात पाय धुऊन बसले. कोपऱ्यातलं पोतं त्यांना दिसलं. काय आहे म्हणून विचारल्यावर मी घाबरत घाबरत उलटं केलं. वीतभर वर उचललेलं मडगार्ड, गोट्यांचं टायर, मोठी चक्री. साहेबांनी मडगार्ड उचलून हातात घेतलं.

"हे बसवलं असतं तर गेलो असतो का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग सकाळी सांगायचं नाही?"

"सांगून चिखुल कळत न्हाय साहेब."

मला वाटलं, आता या माणसाची नोकरी गेली. साहेबांनी यादी ओढली, आणि वाडीपुढची फुली बोटानं घासून पुसली. बोटाला अजून माती होती. त्या कागदावर वाडीच्या नावापुढं तो डाग शेवटपर्यंत राहिला. गाडीबद्दलचा हुकूम मात्र त्यांनी मागं घेतला नाही. साहेब लोक हुकूम मागं घेत नाहीत. पण त्यानंतर ते चार वेळा पाहणीला आले, आणि चारही वेळा गाडी सोडून सगळं पाहिलं.

शेवंतामावशींची गाय त्या खेपेला राहिली. कालवड झाली. पुढच्या काही वर्षांत वाडीतून एवढं दूध यायला लागलं, की लोकांना कॅन डोक्यावरून आणणं होईना. मग रोजगार हमीच्या कामातून रस्ता निघाला, आधी मुरमाचा, मग खडीचा आणि एकदाचा डांबरी. वाडीच्याच बायाबापड्यांनी त्याची खडी फोडली.

रस्ता खुला झाला त्या दिवशी आम्ही सगळे संघाच्या जीपमधून वाडीला गेलो. उन्हाळ्याचे दिवस होते. बनसोडे आमच्या मागून आले, बऱ्याच उशिरानं, कारण मोठ्या चक्रीच्या त्या गाडीला डांबरावर सायकलवालेसुद्धा मागं टाकत होते. कानशिलांवरचे केस पिकले होते, शर्ट तसाच पांढरा. मागं दोरीनं बांधलेलं, त्या पाहणीनंतर त्यांच्याकडंच राहिलेलं कंपनीच्या सामानाचं ते जुनं पोतं त्यांनी सोडलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"हे तुमच्या जीपमधनं न्या आन् जमा करून घ्या. आता लागनार न्हाई."

मी म्हणालो, की अहो, उलट आता रस्ता झाला, आता तर कंपनीचंच सामान बसवायला हवं.

"रस्ता वाडीपत्तुर झालाय," ते म्हणाले. "वाडीच्या फुडं तांडा हाय."

तेव्हा मला त्यांच्या खिशातून डोकावणारी लाल चिंधी दिसली.

मला काय झालं कुणास ठाऊक. जीपमध्ये पाण्यानं भरलेली कळशी होती, आणि ती त्यांनाही दिसत होती. तरी मी म्हणालो, "बनसोडे, जरा पाणी द्या."

त्यांनी हँडलची चागळ सोडली, बूच काढलं, आणि माझ्या हातात देण्याआधी थांबले.

"आज वार कंचा हाय?"

इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नव्हता. मी खाली बघून म्हणालो, "बुधवार."

"मंग प्या."

पाणी गार होतं. मी पोटभर प्यालो, थोडं शर्टवर सांडलं. त्यांनी चागळ परत बांधली, थर्मास कानाशी हलवला आणि किक मारली. वाडीच्या टोकाला डांबर जिथं संपत होतं, तिथं ते उतरले. मागच्या टायरला अंगठा दाबून बघितला, थोडी हवा सोडली, आणि चाक काळ्या रानात घातलं.